सिंगापूरच्या तोफा

सिंगापूरच्या तोफांची तोंडे समुद्राकडेच होती, म्हणून तो किल्ला पडला, असे आम्ही नेहमी ऐकतो. हे अर्धसत्य होय. तेथील १५ इंची पाच तोफांपैकी चांगीच्या तोफा जमिनीकडे वळल्या व डागल्याही गेल्या; मात्र त्यांचे बहुतेक गोळे जहाजांचे चिलखत भेदणारे, पायदळावर फारसे उपयोगी नव्हते.

खरा दोष योजनेत होता. विलायतेहून आरमार येईपर्यंत तळ टिकवायचा, हा तिचा पाया. ही मुदत आरंभी ४२ दिवसांची होती. ती वाढत वाढत १८० दिवसांवर गेली. १९३७ साली सेनापती डॉबी व त्यांचे सहायक पर्सिव्हल यांनी योजना तपासून, शत्रू उत्तरेकडून मलायाच्या भूमीवरून येऊ शकेल, असे बजावले होते. तरीही पुरेशी विमाने आली नाहीत आणि युद्ध सुरू झाले तेव्हा मलायात एकही रणगाडा नव्हता.

८ डिसेंबर १९४१ रोजी जपानी कोटा भारूस उतरले. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी त्याच पर्सिव्हलना शरणागती पत्करावी लागली. ४०,००० हून अधिक हिंदी शिपाई कैद झाले.

नुसते परीक्षण करून भागत नाही. आढळलेली भेग बुजवावी लागते. ती न बुजवल्याची किंमत आपल्या खेड्यापाड्यांतील पोरांनी मोजली.