कार्बाइडच्या पिंपातील विज्ञान

एखाद्या औद्योगिक वसाहतीच्या कडेला किंवा हमरस्त्यालगतच्या गॅरेजमध्ये गॅस वेल्डिंगचे छोटेसे दुकान असते. दुकानाच्या कोपऱ्यात ऑक्सिजनचा काळा सिलिंडर उभा असतो. त्याच्या शेजारी पूर्वी हमखास आणि आजही काही ठिकाणी एक लोखंडी पिंप दिसते. पिंपाच्या बुडाशी पांढरट चुन्याचा राडा साचलेला, वरून रबरी नळी निघालेली आणि आसपास लसणासारखा उग्र दर्प पसरलेला. हे पिंप म्हणजे कॅल्शियम कार्बाइड आणि पाणी यांच्यापासून अ‍ॅसिटिलीन वायू तयार करणारे जनित्र. दिसायला अगदी साधे. परंतु त्याची झडप, त्यातील पाण्याची पातळी, त्याच्या नळीचा व्यास यांपैकी प्रत्येक गोष्टीमागे सव्वाशे वर्षांचा अनुभव आहे आणि तो अनुभव बऱ्याच अंशी अपघातांतून मिळालेला आहे.

अ‍ॅसिटिलीनचा शोध एडमंड डेव्ही यांनी १८३६ साली लावला. १८६२ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रीडरिश व्होलर यांनी कॅल्शियम कार्बाइडवर पाणी टाकून हा वायू मिळवला. मात्र कार्बाइड तयार करणे इतके खर्चिक होते की ही बाब प्रयोगशाळेपुरतीच राहिली. १८९२ साली अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यात थॉमस विल्सन हे विजेच्या भट्टीत चुना आणि डांबर तापवून कॅल्शियम धातू मिळवण्याच्या खटपटीत होते. धातू मिळाला नाही. हाती आला तो काळपट, ठिसूळ दगडासारखा पदार्थ. तो पाण्यात टाकताच वायूचे बुडबुडे उसळले आणि पेटवल्यावर तो वायू काजळी धरत झगझगीत जळू लागला. स्वस्त कार्बाइडचा मार्ग असा अनपेक्षितपणे सापडला. त्यानंतरच्या पंधरा-वीस वर्षांत सायकलींचे आणि मोटारींचे दिवे, खाणकामगारांच्या टोपीवरचे दिवे, दीपगृहे आणि आडगावची घरे या वायूने उजळली. पुढे विजेचा दिवा आला आणि प्रकाशाचे काम संपले. परंतु ऑक्सिजनसोबत जळताना अ‍ॅसिटिलीनची ज्योत तीन हजार अंश सेल्सिअसच्या वर जाते. या एका गुणामुळे धातू जोडण्याच्या आणि कापण्याच्या कामात त्याचे स्थान टिकून राहिले.

चुना विरतो तसेच

घराला चुना लावण्याची पद्धत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना कळीच्या चुन्यावर पाणी टाकल्यावर उठणारी वाफ आणि खदखद आठवत असेल. कार्बाइड आणि पाणी यांची क्रिया त्याच जातकुळीची आहे. ६४ ग्रॅम शुद्ध कार्बाइड ३६ ग्रॅम पाण्याशी संयोग पावते. त्यातून २६ ग्रॅम अ‍ॅसिटिलीन आणि ७४ ग्रॅम विरी गेलेला चुना तयार होतो. बाजारात मिळणारे कार्बाइड पूर्ण शुद्ध नसते. त्याच्या एका किलोपासून साधारण २५० ते ३०० लिटर वायू मिळतो आणि मागे एक किलोच्या आसपास चुना उरतो. लसणासारखा दर्प अ‍ॅसिटिलीनचा नव्हे. कार्बाइडमधील अशुद्धींमुळे तयार होणाऱ्या फॉस्फीनसारख्या विषारी वायूंचा तो वास आहे.

या क्रियेत उष्णता किती निर्माण होते, हा जनित्राच्या रचनेतील पहिला प्रश्न. एक किलो शुद्ध कार्बाइडपासून सुमारे ४७० किलोकॅलरी उष्णता बाहेर पडते. कागदावरच्या हिशेबानुसार या कार्बाइडला जेमतेम सव्वापाचशे ते पावणेसहाशे मिलिलिटर पाणी पुरते. परंतु एवढेच पाणी दिले, तर ते उकळून जाईल आणि आतील तापमान भडकेल. तेच एक किलो कार्बाइड दहा लिटर पाण्यात पडले, तर पाण्याचे तापमान फार तर ४० ते ४७ अंशांनी वाढेल. म्हणून चांगल्या जनित्रात किलोमागे आठ ते दहा लिटर पाणी असते. यातील बहुतेक पाणी रासायनिक क्रियेसाठी नसून उष्णता पोटात घेण्यासाठी असते. पिंप मोठे का, याचे उत्तर या एका हिशेबात आहे.

कोणात काय टाकायचे?

जनित्रांचे मुख्य प्रकार तीन. पहिल्या प्रकारात कार्बाइडवर पाणी थेंबाथेंबाने सोडतात. जुन्या सायकलच्या आणि खाणीतल्या दिव्यांची रचना अशी असे. वरच्या खणात पाणी, खालच्या खणात कार्बाइडचे खडे आणि मध्ये थेंब नियंत्रित करणारी पिळाची कळ. मूठभर कार्बाइडपुरती ही रचना सुटसुटीत आहे. परंतु प्रमाण वाढले की तिचे दोष उघडे पडतात. पाण्याचा थेंब पडताच खड्याभोवती चुन्याचा थर जमतो. त्या थरामुळे आतील उष्णता बाहेर पडत नाही आणि खडा काही ठिकाणी अतिशय तापतो. तापलेल्या अ‍ॅसिटिलीनचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन डांबरासारखे पदार्थ तयार होतात आणि नळ्या तुंबतात. शिवाय कळ बंद केली तरी ओल्या चुन्यातील पाणी उरलेल्या कार्बाइडला मिळत राहते. म्हणजे वायू नको असतानाही तो निघतच राहतो.

दुसऱ्या प्रकारात पाणी खालून चढते आणि जाळीतील कार्बाइडला स्पर्श करते. वायू साचला की त्याच्या दाबाने पाणी मागे हटते आणि क्रिया मंदावते. कल्पना हुशारीची आहे. मात्र पाणी हटल्यावरही भिजलेले खडे काही काळ वायू सोडतात आणि उष्णतेचा प्रश्न बराचसा तसाच राहतो.

तिसऱ्या प्रकारात भरपूर पाण्यात कार्बाइड थोडे थोडे टाकले जाते. पाभरीच्या चाड्यातून बियाणे मोजके पडत जावे, तसे वरच्या बंद चाड्यातून कार्बाइडचे खडे खालच्या पाण्यात पडतात. प्रत्येक खडा बुडताच सर्व बाजूंनी पाण्याने वेढला जातो. त्याची उष्णता पाणी घेते, चुना सुटून तळाशी बसतो आणि वायू पाण्यातून वर येताना थंड होतो, काहीसा धुतलाही जातो. पुरवठा थांबवला की थोड्याच वेळात वायूही थांबतो. कारखान्यांतील मोठ्या जनित्रांसाठी हीच पद्धत अधिक सुरक्षित ठरली, याचे कारण हे आहे. येथे खड्यांचा आकारही महत्त्वाचा. बारीक भुकटी पाण्याला लागताच एकदम वायू सोडते आणि दाब झपाट्याने वाढतो. म्हणून जनित्र ज्या आकाराच्या खड्यांसाठी बांधले आहे, त्याच आकाराचे खडे त्यात घालावे लागतात.

दाबाची लक्ष्मणरेषा

अ‍ॅसिटिलीनचा सर्वांत घातक गुण असा, की त्याला स्फोटासाठी हवेचीही गरज लागत नाही. त्याच्या रेणूत इतकी ऊर्जा साठलेली असते की दाब वाढल्यावर एखादी ठिणगी, धक्का किंवा उष्णता मिळाली तर तो स्वतःच कार्बन आणि हायड्रोजन यांत विघटित होऊन स्फोट पावतो. सुरुवातीच्या काळात हा वायू द्रवरूप करून बाटल्यांत भरण्याचे प्रयत्न युरोपात झाले; भीषण स्फोटांनंतर ते सोडून द्यावे लागले. जनित्रातील आणि नळ्यांतील दाब वातावरणाच्या दाबापेक्षा दर चौरस इंचाला १५ पौंडांहून, म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलोहून अधिक होऊ द्यायचा नाही, हा नियम त्यातून आला.

हा दाब राखण्याची जुनी आणि विश्वासार्ह युक्ती म्हणजे तरंगती घंटी. पाण्याच्या टाकीत उपडे पात्र तरंगत ठेवतात. वायू साचला की ते वर उचलले जाते, वापरला की खाली येते. घंटीच्या वजनावर दाब ठरत असल्याने तो नेहमी अल्प आणि स्थिर राहतो. घंटी खाली आली की तिला जोडलेली दांडी चाड्याचे तोंड उघडते, वर गेली की बंद करते. मागणीनुसार पुरवठा आपोआप होतो. इतके करूनही वायू जास्त झालाच, तर तो नळीवाटे छपराच्या वर, मोकळ्या हवेत निघून जातो. मध्यम दाबाच्या बंद जनित्रांत हे काम दाबावर चालणारा पडदा आणि सुरक्षा झडप करतात. ही झडप चुन्याने किंवा गंजाने चिकटली, तर ती असून नसल्यासारखीच.

ज्योत उलटली तर

वेल्डिंग करताना टॉर्चचे तोंड तुंबले, तर जादा दाबाचा ऑक्सिजन अ‍ॅसिटिलीनच्या नळीत मागे शिरू शकतो आणि त्यापाठोपाठ ज्योतही जनित्राकडे धावू शकते. तिला अडवते ते साधे पाणी. जनित्र आणि टॉर्च यांच्यामध्ये एक पाण्याचे पात्र असते. वायूची नळी पाण्यात बुडालेली असते. वायू बुडबुड्यांच्या रूपाने वर येऊन पुढे जातो. उलट दिशेने दाब आला, तर तोच दाब पाण्याला त्या नळीत वर ढकलतो आणि मार्ग बंद होतो. मागे आलेला वायू दुसऱ्या उघड्या नळीने बाहेर पडतो. मात्र यासाठी पात्रात ठरलेल्या खुणेपर्यंत पाणी हवे. रोज काम सुरू करण्याआधी ही पातळी पाहणे हे अर्ध्या मिनिटाचे काम आहे. आणि नेमके तेच टाळले जाते.

हवेत केवळ अडीच टक्के अ‍ॅसिटिलीन मिसळले तरी मिश्रण पेट घेऊ शकते आणि प्रमाण ऐंशी टक्क्यांवर गेले तरी धोका संपत नाही. स्वयंपाकाच्या गॅसचा ज्वलनशील पट्टा साधारण दोन ते दहा टक्क्यांपुरता असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे फरक कळेल. म्हणूनच जनित्र नव्याने भरल्यावर सुरुवातीचा, हवा मिसळलेला वायू न पेटवता मोकळ्यावर सोडून द्यायचा असतो. चुना काढण्यासाठी पिंप उघडतो तेव्हा आत हवा शिरते; त्यावेळी जवळपास बिडी-सिगारेट, दिवा वा ठिणगी असता कामा नये. रिकाम्या दिसणाऱ्या पिंपाला डाग देणे, हे तर मृत्यूला आमंत्रण. चुन्याच्या राड्यातही वायू अडकलेला असतो, म्हणून तो उघड्या खड्ड्यात टाकायचा, बंद गटारात नव्हे.

धातूंची निवडही जपून करावी लागते. तांबे आणि चांदी यांच्याशी अ‍ॅसिटिलीनचा संयोग होऊन नुसत्या घर्षणाने फुटणारी स्फोटक संयुगे बनतात. त्यामुळे नळ्या पोलादाच्या असतात. पितळेच्या जोडण्या वापरल्या तरी त्यांतील तांब्याचे प्रमाण मर्यादित ठेवतात. तुटलेल्या जोडणीच्या जागी तांब्याच्या नळीचा तुकडा बसवणारा कारागीर आपल्या हाताने एक सुरुंग पेरत असतो.

कार्बाइडची साठवणही याच शिस्तीत येते. डबा हवाबंद, जागा कोरडी आणि जमिनीपासून उंच हवी. कोकणासारख्या दमट भागात पावसाळ्यात अर्धवट उघडा राहिलेला डबा हेच एक बेशिस्त जनित्र बनते. कार्बाइडच्या साठ्याजवळ आग लागली, तर पाणी मारणे म्हणजे आगीत तेल ओतणे; तेथे कोरडी वाळू किंवा कोरडी रासायनिक भुकटीच हवी. आपल्या देशात कार्बाइडची साठवण व वाहतूक १९८७ च्या कॅल्शियम कार्बाइड नियमांनुसार होते आणि त्यावर देखरेख ठेवणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे.

डोळ्यांचे मोल

अ‍ॅसिटिलीन सुरक्षितपणे साठवण्याचा मार्ग अखेर सापडला तो सच्छिद्र पदार्थ आणि अ‍ॅसिटोन यांच्या जोडीतून. सिलिंडर सच्छिद्र पदार्थाने भरायचा, त्यात अ‍ॅसिटोन मुरवायचे आणि त्यात वायू विरघळवायचा. आजचा तपकिरी-लाल सिलिंडर तो हाच. या तंत्राला भरीव रूप देणारे स्वीडनचे गुस्ताफ डालेन यांनी दीपगृहांसाठी सूर्यप्रकाशात आपोआप बंद होणारी झडप तयार केली आणि १९१२ साली त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी अ‍ॅसिटिलीनच्या चाचणीदरम्यान झालेल्या स्फोटात त्यांची दृष्टी गेली. पारितोषिक स्वीकारण्यासाठी ते जाऊ शकले नाहीत. त्यांच्या वतीने गेले त्यांचे बंधू, जे स्वतः नेत्रतज्ज्ञ होते.

ही कथा शंभर वर्षांपूर्वीची म्हणून सोडून देता येत नाही. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात ‘कार्बाइड गन’ नावाच्या घरगुती खेळण्यामुळे शंभराहून अधिक जणांच्या डोळ्यांना इजा झाली. त्यांत लहान मुलांची संख्या मोठी होती आणि काहींची दृष्टी गेली. जनित्राच्या रचनेकडे पाहिले तर या खेळण्याचे खरे स्वरूप कळते. जनित्रात हवा बाहेर काढतात, येथे ती मुद्दाम मिसळू दिली जाते. तेथे कार्बाइड मोजून पडते, येथे मापच नसते. तेथे उष्णतेसाठी पाण्याचा साठा आणि दाबासाठी झडप असते, येथे दोन्ही नाहीत. बार झाला नाही म्हणून मूल नळीत डोकावते आणि नेमका त्याच क्षणी वायू पेट घेतो.

कार्बाइड स्वस्त आहे, पाणी फुकट आहे आणि दोहोंपासून वायू निघायला कोणतेही कसब लागत नाही. कसब लागते ते त्या वायूला आवर घालायला. वेल्डिंगच्या दुकानातील त्या मळकट पिंपाकडे आता पाहाल, तेव्हा त्याला जोडलेल्या पात्रातील पाणी खुणेपर्यंत आहे ना, एवढे तेथील कारागिराला आपुलकीने जरूर विचारा. आणि घरातील मुलाच्या हाती कार्बाइडचा खडा दिसला, तर तो काढून घेताना त्यामागचे कारणही त्याला समजावून सांगा.