०.१.० चुकलं? ०.१.१ आहे ना!

पहिलं ओपन सोर्स पॅकेज पब्लिश करताना एररवर एरर येतायत? लॅपटॉप आपटू नका. त्या एरर नीट वाचल्या, तर तुमच्याच फायद्याचं काहीतरी सांगत असतात.

समजा, तुम्ही पायथनमध्ये एक छोटंसं पॅकेज लिहिलंय. आकडा द्या, ते मराठी अक्षरांत लिहून देतं. ४७ दिले की ‘सत्तेचाळीस’, ५९ दिले की ‘एकोणसाठ’. इंग्रजीत विसाच्या पुढे शब्दाला शब्द जोडला की भागतं. मराठीत शंभरापर्यंत प्रत्येक आकड्याचा शब्द पाठच करावा लागतो. म्हणून तुम्ही शंभर शब्दांची यादी एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवलीय. लॅपटॉपवर सगळं झकास चालतंय. आता ते पायपीआयवर, म्हणजे पायथनच्या सार्वजनिक कोठारात टाकायचं. मग कोणीही ‘पिप इन्स्टॉल’ करून ते वापरणार. रेझ्युमेत एक ओळ वाढणार, आणि कोणाच्या तरी पावतीवर तुमचं काम छापलं जाणार!

तुम्ही अपलोडची कमांड देता आणि स्क्रीनवर लाल अक्षरांत येतं, ४०३.

तुम्ही कोण?

४०३ म्हणजे ‘परवानगी नाही’. तुमच्या कोडबद्दल तो आकडा काहीच बोलत नाहीये, त्यामुळे कोड उकरत बसू नका. १ जानेवारी २०२४ पासून पायपीआयवर टू-फॅक्टर ऑथेंटिकेशन सक्तीचं आहे आणि साध्या पासवर्डनं अपलोड होत नाही. अकाउंटमध्ये जाऊन टोकन तयार करावं लागतं. ते एकदाच दिसतं, तेव्हाच जपून ठेवा. पण कोडमध्ये पेस्ट करून गिटहबवर टाकू नका. युजरनेम विचारलं की तिथे तुमचं नाव लिहायचं नाही. ‘टोकन’ हा इंग्रजी शब्द, मागेपुढे दोन-दोन अंडरस्कोर लावून लिहायचा. बहुतेक जण इथेच अडकतात.

दुसरी गंमत म्हणजे सरावासाठी असलेलं टेस्ट पायपीआय. त्याचं अकाउंट वेगळं, टोकनही वेगळं. इकडचं तिकडे चालत नाही.

तरीही ४०३? मग तुम्ही निवडलेलं नाव आधीच कोणीतरी घेतलेलं असणार. डॅशच्या जागी अंडरस्कोर टाकून किंवा एखादं अक्षर कॅपिटल करून सुटका होत नाही, कारण पायपीआय ही सगळी नावं एकच धरतं. सरळ नवं नाव शोधा.

‘माझ्याकडे तर चालतंय!’

अखेर अपलोड झालं. तुम्ही ग्रुपवर लिंक टाकली. पाच मिनिटांत मैत्रिणीचा मेसेज आला, ‘अरे, फाइल सापडत नाही म्हणतंय.’

काय झालं? ती शंभर शब्दांची यादी पॅकेजमध्ये गेलीच नाही! कोडच्या फाइली आपोआप उचलल्या जातात, पण इतर फाइली घ्यायला सेटिंगमध्ये वेगळं सांगावं लागू शकतं. तुमच्याकडे चाललं, कारण तुम्ही प्रोजेक्टच्याच फोल्डरमध्ये बसून तपासत होतात. पायथन इन्स्टॉल केलेलं पॅकेज न बघता शेजारचा तुमचाच कोड उचलत होता.

यावर उपाय सोपा आहे. अपलोडच्या आधी नवं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट बनवा, दुसऱ्या फोल्डरमध्ये जा, तिथे पॅकेज इन्स्टॉल करून चालवून बघा. आणि बिल्ड झाल्यावर तयार होणारी ‘व्हील’ फाइल म्हणजे आतून साधी झिपच असते. ती उघडा आणि यादी आत आहे का, ते डोळ्यांनी बघा.

खोडरबर नाही

तुम्ही चूक सुधारता आणि पुन्हा ०.१.० म्हणूनच पाठवता. आता एरर ४००, ‘फाइल आधीच अस्तित्वात आहे’. जुनी डिलीट करून परत पाठवली तरी तेच उत्तर. राग येतो ना? आपलंच पॅकेज, आपलीच चूक, आणि आपल्यालाच बदलू देत नाहीत!

पण जरा समोरच्याच्या बाजूनं बघा. कोणीतरी ०.१.० तपासून आपल्या प्रोजेक्टमध्ये घेतलं असेल. उद्या त्याच आकड्याखाली वेगळाच कोड यायला लागला, तर त्यानं भरवसा कशावर ठेवायचा? पेपरचंही असंच असतं. छापून घरोघरी गेलेला अंक परत बोलावता येत नाही, दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापावी लागते. तुमची दुरुस्ती म्हणजे ०.१.१. आणि बिघडलेलं ०.१.० ‘यँक’ करता येतं. म्हणजे ते पुसलं जात नाही, पण मुद्दाम तोच आकडा मागितल्याशिवाय कोणाला मिळत नाही.

पुसून टाकलं तर काय होतं, हे जावास्क्रिप्टवाल्यांनी मार्च २०१६ मध्ये बघितलंय. एका पॅकेजच्या नावावरून एका कंपनीशी वाद झाला. एनपीएमनं ते नाव कंपनीला दिलं, तेव्हा अझेर कोचुलू या डेव्हलपरनं आपली सगळी पॅकेजेस तिथून काढून घेतली. त्यात ‘लेफ्ट-पॅड’ होतं, अवघ्या ११ ओळींचं. मजकुराच्या डावीकडे रिकाम्या जागा किंवा शून्यं भरायची, एवढंच त्याचं काम. पण बाबेलसारखी मोठी टूल्स त्यावर उभी होती. जगभर लोकांचे बिल्ड पटापट कोसळले आणि एनपीएमला ते पॅकेज स्वतः परत आणावं लागलं. त्यानंतर पॅकेज मागे घेण्याचे नियम कडक झाले.

अकरा ओळींचं हे, तर तुमच्या शंभर शब्दांचं काय? ५९ चा शब्द चुकला, तर कोणाच्या तरी चेकवर रक्कम चुकेल.

म्हणून पब्लिश करण्याआधी चार गोष्टी करा. आधी टेस्ट पायपीआयवर टाका. दुसऱ्याच्या मशीनवर चालवा. रीडमीमध्ये वापर कसा करायचा, ते उदाहरणासह लिहा. आणि लायसन्सची फाइल विसरू नका. ती नसेल तर कोड सगळ्यांना दिसतो, पण वापरायचा हक्क कोणालाच मिळत नाही, मग ते ओपन सोर्स कसलं?

एवढं करूनही काहीतरी राहीलच. राहू दे. ०.१.१, ०.१.२, ०.१.३ अशी रांग दिसली तर लाजू नका. पाठीमागे कोणीतरी बसून चुका दुरुस्त करतंय, एवढंच त्यावरून कळतं. आणि असंच पॅकेज लोक डोळे झाकून इन्स्टॉल करतात.