झिजण्यासाठीच घडवलेला पदार्थ

घर्षणाचे जग : लेखांक 7

मागच्या लेखांकात बेअरिंग पाहिले. तिथे सगळी धडपड घर्षण कमी करण्याची होती. ब्रेकच्या लायनरचा संसार नेमका उलटा. त्याला घर्षण हवे, भरपूर हवे, आणि पहाटेच्या गारठ्यात, भर पावसात, तापलेल्या घाटात ते सारखेच हवे. यातली शेवटची अट सर्वांत जाचक आहे.

किती जाचक, ते बोरघाटात पाहू. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे 620 मीटरवर, खोपोली साठेक मीटरवर. सोळा टनांचा भरलेला ट्रक हे साडेपाचशे मीटर उतरतो तेव्हा साधारण 86 मेगाज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. एवढ्या उष्णतेत पावणेतीनशे लिटर पाणी उकळेल. यातला काही भाग इंजिन आणि हवेचा विरोध उचलतात. उरलेला सगळा ड्रम आणि लायनर जिथे एकमेकांना घासतात तिथे, बोटभर जाडीच्या पट्ट्यांवर येऊन पडतो.

एकटा कुठलाच पदार्थ हा मारा सोसत नाही. धातूवर धातू घासला तर कर्कश आवाज होतो, ओरखडे पडतात, कधी दोन्ही एकमेकांना चिकटतात. नुसते प्लास्टिक वितळते. म्हणून मिश्रणाचा शोध सुरू झाला. इंग्लंडमध्ये डर्बीशायर परगण्यात हर्बर्ट फ्रूड यांनी पाहिले, की घोडागाडीवाले उतारावर चाकाला जुने बूट लावून वेग आवरतात. 1897 पासून त्यांनी त्याला पर्याय शोधायला सुरुवात केली. डांबर-राळेत भिजवलेले सुती पट्टे त्यांनी बनवले, पण ते दीडशे अंश सेल्सिअसच्या आसपास करपत. मग 1908 मध्ये सुताच्या जागी अॅस्बेस्टॉस आले आणि पुढची काही दशके तेच ठाण मांडून बसले. त्याचे तंतू फुप्फुसात जाऊन कर्करोग होतो हे सिद्ध झाल्यावर बहुतेक प्रगत देशांनी ते हद्दपार केले.

आजच्या लायनरमध्ये दहा-वीस घटक सहज असतात. सगळ्यांना बांधून ठेवणारे फिनॉलिक रेझिन, बळकटीसाठी अॅरामिडचे किंवा पोलादाचे तंतू, पकड वाढवायला अॅल्युमिनासारखी कठीण पूड, ती पकड फाजील होऊ नये म्हणून ग्रॅफाइट, आणि जागा भरायला बराइट. एक घटक घर्षण वाढवतो, दुसरा ते आवरतो. लायनरची कृती म्हणजे तडजोडींची यादी असते, आणि कंपन्या ती जिवापाड का जपतात हेही त्यावरून कळते.

पण या मिश्रणाची खरी गंमत पृष्ठभागावर दिसते. वापरलेला ब्रेक पॅड, म्हणजे डिस्क ब्रेकमधले लायनर, सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर तो सपाट नसतो. त्यावर मिलिमीटरच्या अंशाएवढी लहान लहान पठारे दिसतात, आणि डिस्कला टेकतात ती फक्त तीच. पॅडचा बहुतांश भाग डिस्कला शिवतही नाही. पोलादाचा तंतू किंवा कठीण कण आधी उघडा पडतो आणि तग धरतो. भोवतालचे मऊ रेझिन झिजून त्याची पूड होते, ती पूड त्या कणाला अडते आणि दाब व उष्णतेने तिथेच घट्ट बसते. अंगणात रुतलेल्या दगडाभोवती सारवण धरावे, तसे. ही पठारे सतत तयार होतात आणि मोडतात. ब्रेक लागतो तो या दडपलेल्या पुडीच्या जोरावर. म्हणून अजिबात न झिजणारे लायनर ही जाहिरात कुणी केलीच, तर ते घेऊ नका. नव्या पॅडवर ही पठारे जमलेली नसतात. पहिले काही दिवस जोराचे ब्रेक टाळून पॅड बसू द्या, असे मेकॅनिक सांगतो ते याचसाठी.

या पुडीत कोकणचाही एक नातेवाईक आहे. काजूच्या टरफलातले तेल हाताला लागले की कातडी सोलवटते, हे काजू फोडणाऱ्या बायकांना कुणी शिकवावे लागत नाही. ते तेल तापवले की त्यातून कार्डानॉल मिळते. तेही एक फिनॉलच, फक्त त्याला पंधरा कार्बनची लांब साखळी जोडलेली. फॉर्मल्डिहाइडबरोबर ते घट्ट करून दळले की तपकिरी भुकटी होते. जगभरच्या लायनरमध्ये ती घालतात. त्या साखळीमुळे भुकटीला थोडी लवचीकता येते, ब्रेकचा आवाज कमी होतो आणि घर्षण स्थिर राहते. गर आपल्या ताटात आणि टरफल ट्रकच्या चाकात, ही वाटणी मला फार आवडते.

मर्यादा रेझिनचीच. दोनशे-अडीचशे अंशांपर्यंत झीज दाब आणि अंतराच्या सरळ हिशेबाने वाढते. त्यापुढे रेझिन विघटित होऊ लागते आणि झीज झपाट्याने चढते. तीनशे-चारशेच्या घरात त्यातून वायू सुटतात, पृष्ठभागावरची बांधणी सैल होते आणि घर्षणांक, म्हणजे पकडीचे माप, घसरतो. पाय पेडलवर, पेडल खाली, पण गाडी थांबत नाही. याला फेड म्हणतात. ब्रेक गार झाले की पकड बरीचशी परत येते, म्हणून अपघातानंतरच्या तपासणीत ब्रेक ठीक दिसू शकतात. आयआयटी दिल्लीच्या डॉ. जयश्री बिजवे यांनी रेझिन आणि तंतू बदलले की हा फेड आणि त्यानंतरची सुधारणा कशी बदलते, यावर बराच अभ्यास केला आहे.

अनेक पॅडच्या कडेला छापलेल्या अक्षरांत दोन इंग्रजी अक्षरे शोधा. पहिले साधारण तापमानातला घर्षणांक सांगते, दुसरे तापल्यावरचा. ई म्हणजे 0.25 ते 0.35, एफ म्हणजे 0.35 ते 0.45, जी त्याहून वर. एफएफ असेल तर तापल्यावरही पॅड त्याच गटात राहतो. एफई असेल तर तो तापून एक पायरी उतरतो.

झिजलेले जाते कुठे? हवेत आणि पाण्यात. पॅडमधले तांबे ओढ्यांत उतरून माशांना अपाय करते, म्हणून कॅलिफोर्नियाने 2010 मध्ये कायदा करून 2025 पर्यंत ते अर्ध्या टक्क्यावर आणायला लावले. युरोपच्या युरो 7 नियमांत ब्रेकच्या धुळीवर प्रथमच मर्यादा आली. ती बहुतेक मोटारींसाठी किलोमीटरला 7 मिलिग्रॅम, तर निव्वळ विजेच्या गाड्यांसाठी 3 मिलिग्रॅम आहे. तेव्हा गॅरेजमध्ये ड्रम उघडला की हवेच्या झोताने धूळ उडवू देऊ नका, ओल्या फडक्याने पुसायला सांगा.

आणि घाटात डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकू नका. वाचलेच तर चार पैसे वाचतील, आणि इंजिनाच्या वाट्याची सगळी उष्णता लायनरवर येईल. ज्या गिअरमध्ये घाट चढलात, त्याच गिअरमध्ये उतरा.