हशाचं माप

फेब्रुवारी 1952 मध्ये लॉस एंजेलिसला एमी पुरस्कारांचा चौथा सोहळा झाला, तेव्हा विनोदवीराचा मान रेड स्केल्टनला जाहीर झाला. रेडिओ आणि सिनेमा गाजवून टीव्हीवर आलेला हा मुरलेला नट मंचावर गेला आणि म्हणाला, हा पुरस्कार खरं तर ल्युसिल बॉलला मिळायला हवा होता. तिची ‘आय लव्ह ल्युसी’ सुरू होऊन तेव्हा जेमतेम चार महिने झाले होते. त्या वर्षी विनोदासाठी स्त्री-पुरुषांची यादी एकच होती, त्यामुळे दोघं एकमेकांसमोर उभे होते.

बॉलला फार थांबावं लागलं नाही. जानेवारी 1953 मध्ये मालिकेतल्या ल्युसीला बाळ झालं. तो भाग सुमारे 4 कोटी 40 लाख लोकांनी पाहिला. दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांचा शपथविधी होता, त्याला तेवढे प्रेक्षक लाभले नाहीत. त्यानंतर काही आठवड्यांतच सर्वोत्तम विनोदी अभिनेत्रीची एमी बॉलच्या हातात होती.

एमी म्हणजे अमेरिकन टीव्हीचं ऑस्कर, एवढी ओळख आपल्याला पुरते. पण 1949 मध्ये पहिला सोहळा झाला तेव्हा तो लॉस एंजेलिसपुरताच होता आणि अभिनयाचा वेगळा पुरस्कारही नव्हता. ‘उल्लेखनीय व्यक्तिमत्त्व’ म्हणून निवड झाली ती शर्ली डिन्सडेल या विशीतल्या मुलीची. ती शब्दभ्रमकार होती आणि जूडी स्प्लिंटर्स नावाची बाहुली घेऊन कार्यक्रम करायची. रामदास पाध्ये आणि अर्धवटराव पाहत वाढलेल्या मराठी माणसाला या निवडीचं नवल वाटू नये. टीव्हीचा पहिला मान हसवणाऱ्या बाईला गेला, आणि तोही बाहुलीशी वाटून.

हसवणाऱ्याला काय म्हणून बक्षीस द्यायचं, हे मात्र एमी देणाऱ्या टीव्ही अकादमीला कधीच नीट ठरवता आलं नाही. पुरस्काराची नावं आणि नियम सारखे बदलत राहिले. कधी विनोदी आणि गंभीर नटांची एकच रांग केली, कधी त्यांना वेगळं बसवलं. 1965 मध्ये तर कहर झाला. सगळे अभिनय-पुरस्कार मोडून एकच सामाईक गट केला, आणि त्यातल्या पाच विजेत्यांत एकीकडे कुठल्याही स्टुलाला अडखळून पडू शकणारा डिक व्हॅन डाइक होता, तर दुसरीकडे वाद्यवृंदाचा संचालक लिओनार्ड बर्नस्टाइन. दोघंही आपापल्या जागी थोरच, पण त्यांची तुलना कशी करायची? पुढच्याच वर्षी विनोदाला त्याचं वेगळं घर परत मिळालं.

तरी खोड गेली नाही. 1974 मध्ये ‘सुपर एमी’ आली. विनोदी मालिकेतला विजेता आणि गंभीर मालिकेतला विजेता यांच्यातून पुन्हा एक ‘वर्षाचा सर्वोत्तम’ निवडायचा, अशी ती योजना होती. गंमत म्हणजे दोन्हीकडे विनोदवालेच जिंकले. ‘मॅश’च्या अ‍ॅलन आल्डाने ‘कोजॅक’च्या टेली सॅव्हालसला मागे टाकलं आणि मेरी टायलर मूरने ‘द वॉल्टन्स’च्या मायकेल लर्नेडला. वर्षभरात ही योजना गुंडाळली गेली.

या पुरस्काराच्या याद्या चाळताना माझं लक्ष सारखं एका जोडीकडे जातं. ‘द अँडी ग्रिफिथ शो’मध्ये अँडी ग्रिफिथ हा मेबेरी नावाच्या लहानशा गावचा शेरीफ होता आणि डॉन नॉट्स त्याचा मदतनीस बार्नी फाइफ. बार्नीचा उत्साह दांडगा आणि हात तितकाच वेंधळा, म्हणून त्याला एकच गोळी मिळायची, तीही पिस्तुलात नव्हे, खिशात ठेवायची. या एका गोळीवर नॉट्सने वर्षानुवर्षं हशा पिकवला आणि सहायक अभिनेत्याच्या पाच एमी नेल्या. त्यातल्या शेवटच्या दोन तर मालिका सोडून गेल्यावर पाहुणा म्हणून परत आल्याबद्दलच्या. ग्रिफिथला त्या मालिकेसाठी नामांकनसुद्धा मिळालं नाही. मुळात विनोदी भूमिका त्याचीच असायची होती. पण सुरुवातीचे भाग करतानाच त्याच्या लक्षात आलं, की नॉट्सला मोकळं सोडून आपण शांत उभं राहिलो तर हशा दुप्पट येतो. हे ओळखून स्वतःच्या वाट्याचा विनोद दुसऱ्याला देणं हा अभिनयच आहे. तो मोजायला कुठल्याही यादीत रकाना नव्हता.

जॅकी ग्लिसनचंही तेच. ‘द हनीमूनर्स’मधला त्याचा बसचालक राल्फ क्रॅमडेन अमेरिकेच्या स्मरणात पक्का बसला आहे. एमी मात्र त्याच्या गटारकामगार शेजाऱ्याची भूमिका करणाऱ्या आर्ट कार्नीला मिळत गेल्या, ग्लिसनला एकही नाही. अडखळत, हळू आवाजात बोलून हसवणाऱ्या बॉब न्यूहार्टला पहिली एमी 2013 मध्ये मिळाली, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, ‘द बिग बँग थिअरी’तल्या प्रोफेसर प्रोटॉन या पाहुण्या भूमिकेसाठी. आपल्याकडे ‘फ्रेंड्स’ची पारायणं करणाऱ्यांनाही हे खुपतं. मॅथ्यू पेरीचा चॅन्डलर वगळून त्या मालिकेची कल्पना करता येत नाही, पण पेरीला त्यासाठी एमी मिळाली नाही.

उलट एकदा मतदारांची मर्जी बसली की ती हटत नाही. कॅन्डिस बर्गनने ‘मर्फी ब्राउन’साठी पाच वेळा बाजी मारली आणि मग स्वतःच सांगितलं, की आता माझा विचार करू नका. ज्युलिया लुई-ड्रायफसने ‘वीप’मधल्या सेलिना मायरसाठी 2012 पासून ओळीने सहा वेळा पुरस्कार घेतला. ती सहाही वेळा लायक होती, हे मी बिनदिक्कत म्हणेन. पण याच यादीत दुसरीकडे नजर टाकली तर इझाबेल सॅनफर्ड दिसते. 1981 मध्ये ‘द जेफरसन्स’साठी विनोदी मालिकेतली प्रमुख अभिनेत्री म्हणून जिंकलेली ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. दुसरी क्विंटा ब्रन्सन, ‘अ‍ॅबट एलिमेंटरी’साठी, जानेवारी 2024 मध्ये. हॉलिवूडमधल्या संपामुळे तो सोहळा चार महिने लांबला होता. सॅनफर्डनंतरची चार दशकं मात्र कुठल्या संपामुळे गेली नव्हती.

अलीकडची भांडणं वेगळी आहेत. 2015 मध्ये अकादमीने घड्याळ हाती घेतलं. अर्ध्या तासापर्यंतचा भाग म्हणजे विनोद, त्याहून लांब म्हणजे नाट्य. कुणाला मान्य नसेल तर त्याने अर्ज करावा आणि समितीने ठरवावं. ‘ऑरेंज इज द न्यू ब्लॅक’ या तुरुंगात घडणाऱ्या मालिकेचा अर्ज फेटाळला गेला. त्यामुळे उझो अडुबाला तिच्यातल्या एकाच भूमिकेसाठी 2014 मध्ये विनोदी विभागातली आणि 2015 मध्ये नाट्य विभागातली एमी मिळाली. भूमिका तीच, तुरुंगही तोच, बदलला तो रकाना. तिच्याआधी असं फक्त एड अ‍ॅस्नरच्या बाबतीत घडलं होतं. पण त्याने रंगवलेला लू ग्रँट विनोदी मालिकेतून निघून खरोखरच दुसऱ्या, गंभीर मालिकेत गेला होता.

पुढे घड्याळाचा नियम गेला आणि कुठल्या विभागात उतरायचं हे निर्मात्यांवर सोडलं गेलं. हरकत घ्यायचा अधिकार तेवढा अकादमीने राखला. मग ‘द बेअर’ आली. शिकागोतल्या एका खाणावळीचं हे स्वयंपाकघर. तिथे आरडाओरडा आहे, आत्महत्या केलेल्या भावाचं दुःख आहे, आणि नाताळच्या जेवणाचा एक भाग असा की आई गाडी थेट घरात घुसवते. त्या आईसाठी जेमी ली कर्टिसला एमी मिळाली, विनोदी मालिकेतली पाहुणी अभिनेत्री म्हणून. काम अंगावर काटा आणणारं आहे, पण त्यात हसायचं कुठे, हे मला अजून समजलेलं नाही. सप्टेंबर 2024 च्या सोहळ्यात यूजीन लेव्ही आणि डॅन लेव्ही या सूत्रसंचालक बापलेकांनी मंचावरूनच चिमटा काढला, की ‘द बेअर’चा मान राखून आम्ही विनोद करणार नाही. ‘द बेअर’ने त्या वर्षी अकरा एमी नेल्या, सर्वोत्तम विनोदी मालिकेचा मान मात्र ‘हॅक्स’ने हिरावला.

विनोदाच्या रकान्यात गंभीर काम जिंकतं, याचं एक कारण निवडीच्या पद्धतीतही आहे. नामांकन मिळालेला कलावंत अख्ख्या हंगामातला एकच भाग मतदारांपुढे ठेवतो. पूर्वी हे भाग निवडक सदस्यांची लहान मंडळं पाहायची, 2015 पासून मतदान अभिनय करणाऱ्या सगळ्या सदस्यांना खुलं झालं. तुम्ही नट असाल आणि एकच भाग दाखवायचा असेल, तर कुठला निवडाल? ज्यात थोडं रडताही येतं तो. केळीच्या सालीवरून बिनचूक घसरायला वर्षानुवर्षांचा सराव लागतो, पण पडद्यावर तो दिसला तर घसरणं फसलं. डोळ्यांतलं पाणी मात्र लगेच दिसतं.

म्हणून ‘हॅक्स’मधली जीन स्मार्ट मला महत्त्वाची वाटते. ती त्यात लास वेगासच्या रंगमंचावर उभं राहून विनोद सांगणाऱ्या डेबरा व्हॅन्सची भूमिका करते. हीही बाई दुखावलेली आहे, पण ते दुखणं ती प्रेक्षकांना विकते आणि टाळी आल्याशिवाय पुढचं वाक्य टाकत नाही. या भूमिकेसाठी तिला 2021, 2022, 2024 आणि 2025 अशा चार एमी मिळाल्या. त्याआधी ‘फ्रेझर’मधली पाहुणी म्हणून दोन आणि ‘समँथा हू?’मधली सहायक म्हणून एक तिच्याकडे होतीच. विनोदी अभिनयाचे पाहुणी, सहायक आणि प्रमुख असे तिन्ही पुरस्कार मिळवलेली तिच्याआधीची अभिनेत्री म्हणजे बेटी व्हाइट.