मूळ खतावणीत खाडाखोड

निवृत्तीनंतर धाकट्या बंधूंच्या कापडपेढीचे संकेतस्थळ मी सांभाळावयास घेतले. ते वर्डप्रेसवर आहे. २००३ साली मॅट मुलेनवेग व माइक लिटल यांनी सुरू केलेली ही प्रणाली विनामूल्य मिळते. तयार थीमच्या फायलींतच मी रंग, शीर्षपट्टी, घाऊक दरांच्या पानाची मांडणी असे फेरफार केले. ऐन दिवाळीच्या तोंडावर थीम अद्ययावत करण्याचे बटण दाबले आणि तीन आठवड्यांचे काम पुसले गेले! मजकूर डेटाबेसमध्ये असल्याने शाबूत राहिला. रूप तेवढे गेले. मूळ खतावणीत खाडाखोड करू नये, असे कारकुनांना आयुष्यभर बजावणाऱ्याने नेमके तेच केले होते.

उपाय होता ‘चाइल्ड थीम’. स्वतंत्र फोल्डर करावा, त्यातील ‘स्टाइल डॉट सीएसएस’ फाइलच्या शिरोभागी ‘टेम्प्लेट’ या शब्दापुढे मूळ थीमच्या फोल्डरचे नाव लिहावे. मूळ थीममधील जी साचा-फाइल बदलावयाची, तिची प्रत त्याच नावाने येथे ठेवावी. वर्डप्रेस हीच प्रत वापरते. ‘फंक्शन्स डॉट पीएचपी’ मात्र अपवाद. तेथे दोन्ही फायली चालतात. मी तिचीही प्रत केली आणि संकेतस्थळ पुन्हा बंद पाडले, हे बंधूंना अद्याप सांगितलेले नाही.

परवा त्यांचा दूरध्वनी आला, “अण्णा, नवी आवृत्ती आली आहे. बटण दाबू का?”

म्हटले, “दाब, पण आधी बॅकअप घे.”