गुंठाभर जागेंतील औषधींची बाग

घरामागें मोकळी जागा असली कीं आपण आधीं रोपें आणतों आणि तीं कोठें लावावीं याचा विचार मागाहून करतों. पिंगळीस माझ्या परसांत गुंठाभर जागा आहे, म्हणजे ३३ फूट लांब व तितकीच रुंद. पहिल्या वर्षीं तींत मिळेल तें हौसेनें लावलें. श्रावणांत कोरफड कुजली, शतावरीचीं मुळें सडलीं, आणि पुढल्या वैशाखांत ब्राह्मी करपून गेली.

आमच्याकडील काळी जमीन कापसास मानवते, परंतु पावसांत ती फुगून पाणी धरून बसते व उन्हाळ्यांत तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. म्हणून दुसऱ्या वर्षीं चैत्रांतच कागद घेऊन बसलों आणि कोणास किती पाणी लागतें हें पाहून जागेचे भाग पाडले. उंच अंगास हातभर उंचीचे वाफे करून मातींत वाळू, मुरूम व शेणखत मिसळलें; तेथें कोरफड, शतावरी व तुळस. आडाच्या थारोळ्याखालीं नेहमीं ओल असते, तेथें वेखंड व ब्राह्मी. (न्हाणीचें साबणमिश्रित पाणी मात्र इकडे वळवूं नये.) ब्राह्मी या नांवानें आपल्याकडे बहुधा गोल पानांची मंडूकपर्णी मिळते, उत्तरेकडे जिला ब्राह्मी म्हणतात ती बारीक, मांसल पानांची वनस्पति अगदीं निराळी. तेव्हां रोप घेतांना नांवावर न जातां पान पाहावें.

कुंपणास अडुळसा लावला. शेळ्या त्यास तोंड लावीत नाहींत, आणि पावसाळ्यांत फांदी खोंवली तरी ती जगते. त्याच्या पानांतील व्हॅसिसिन या द्रव्याच्या आधारेंच ब्रोमहेक्सिन हें खोकल्याचें औषध तयार झालें. गर्भवती स्त्रीस मात्र अडुळसा देऊं नये.

गुळवेल परसांतील जुन्या कडुनिंबावर चढविली. तिच्याविषयीं थोडें सविस्तर लिहिणें भाग आहे. २०२० सालीं करोनाची साथ पसरली, तेव्हां गांवांतील मंडळी रोज सकाळीं काढ्यासाठीं तिचीं कांडीं मागावयास येऊं लागली. मीं कोणास नाहीं म्हटलें नाहीं. किती घेतां, किती दिवस घेतां, हेंही विचारलें नाहीं. शेजारच्या एक वृद्ध काकू सहा महिने रोज पेलाभर काढा घेत होत्या, हें मला नंतर कळलें. त्यांना अपाय झाला नाहीं, हें माझें सुदैव. कारण २०२१ मध्यें मुंबईच्या डॉक्टरांनीं गुळवेल घेणाऱ्या कांहीं रुग्णांच्या यकृतास इजा झाल्याचें प्रसिद्ध केलें. तें वाचलें त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. संस्कृतांत हिला ‘अमृता’ म्हणतात, आणि तेवढ्या एका शब्दावर मीं भिस्त ठेवली होती.

२०२२ च्या फेब्रुवारींत आयुष मंत्रालयानें खुलासा केला कीं, गुळवेल निर्धोक आहे, परंतु तिच्याच कुळांतील, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल अपायकारक होऊं शकते. खऱ्या वेलीचें खोड हिरवट असून त्यावर पुळ्या नसतात; दुसरीचें करडें, अंगभर पुळ्यांचें, व तिचा चीक दुधाळ. यकृताच्या तज्ज्ञांचें या उत्तरानें पुरतें समाधान झालेलें नाहीं. माझ्यासारख्या मास्तरानें त्या वादांत पडूं नये. मी दोन्ही बाजूंचें ऐकून सावधपणें वागतों. यकृताचा विकार असणारास वेल देत नाहीं, इतरांसही वैद्यांस विचारून या म्हणतों. कोणी रागावून जातात. जावोत.

फाटकाजवळची कण्हेर मात्र काढून टाकली. देवपूजेस फूल चांगलें, पण तिचें पान नि पान विषारी, आणि घरांत लहान मुलें. धोत्रा व गुंज यांनाही आंत मज्जाव आहे.

प्रत्येक वाफ्यावर पाटी आहे: संस्कृत नांव, मराठी नांव, कोणता भाग घ्यावा व कोणीं घेऊं नये. यंदा मृगाचा पाऊस झाला कीं पश्चिमेच्या कोंपऱ्यांत निर्गुंडीचे दोन फांटे लावावयाचे आहेत. त्यांची पाटी नातीनें आधींच लिहून ठेवली आहे. ‘निर्गुंडी’तील रफार तेवढा तिनें विसरला होता, तो मीं घालून दिला.