जहाजातून ग्रहणाकडे

खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी चंद्राची दाट छाया पृथ्वीवरून एका अरुंद पट्ट्याने सरकत जाते. या पट्ट्याचा बराचसा भाग बहुधा समुद्रावरच पडतो. तेथे पोहोचण्यास जहाजच हवे. शिवाय मेघ दिसल्यास ते निरभ्र आकाशाखाली हलविता येते. परंतु डोलत्या डेकवर दुर्बीण स्थिर राहत नाही, आणि वर्णपटाचे छायाचित्र घ्यावयाचे तर स्थैर्यावाचून सारेच व्यर्थ.

२२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी सर नॉर्मन लॉकियर कोकणात विजयदुर्ग येथे आले. त्यांनी उपकरणे भूमीवरच मांडली व ‘मेल्पोमीन’ या ब्रिटिश युद्धनौकेवरील नौसैनिकांना साहाय्यास घेतले. खग्रास स्थिती अवघी सुमारे दोन मिनिटांची! चुकलेले काम पुन्हा करण्यास सवड नाही. म्हणून प्रत्येकाकडून त्याच्या कामाची कवायत आधीच करून घेतली होती. कोणी सेकंद मोजावयाचे, कोणी सूर्याभोवतीच्या किरीटाचे चित्र रेखाटावयाचे, अशी वाटणी होती.

लॉकियर यांनी १८६८ साली विजयदुर्गाहूनच हेलियमचा शोध लावला, असे पुष्कळदा सांगितले जाते. ते खरे नव्हे. त्या वर्षी ते इंग्लंडमध्ये होते, आणि हेलियमची पिवळी रेषा त्यांनी तेथेच, ग्रहण नसताना, वर्णपटदर्शकातून पाहिली.